मदत हवी आहे: 'ड्रॅक्युला'नंतर काय वाचू?

नमस्कार मंडळी. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) नुकतीच संपवली. सगळी गोष्ट डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणांतून उलगडते. इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलेलं जहाज, सुकाणूला बांधलेला कप्तानाचा मृतदेह, त्याची रोजनिशी... अंगावर काटाच आला! शेवटचा पाठलाग मात्र लांबलेला वाटला.

मग ले फानूची 'कार्मिला' ही व्हॅम्पायरकथा वाचली. ही पंचवीसेक वर्षं आधीची, छोटीशी. पण गोष्ट सांगणाऱ्या लॉराला कार्मिलाची भीतीही वाटते आणि ओढही, ते मनातून जात नाही.

अशीच, रक्तापेक्षा एकटेपणाने घाबरवणारी जुनी कादंबरी सुचवाल का? पॉलिडोरीची १८१९ची 'द व्हॅम्पायर' ही कथा आधी घेऊ का? आणि 'ड्रॅक्युला'चा संक्षिप्त नसलेला मराठी अनुवाद कुणी वाचलाय का? आईला वाचून दाखवायचाय.