पुन्हा: पुन्हा: नागपूरला कोण जातंय? (वजनकाटा)

मंडळी, शनिवारी कोणी नागपूरला जातंय का? बाबांसाठी डिजिटल काटा पाठवायचाय, धरमपेठेत द्यायचा. घरच्या काट्याचा भरवसा नाही. परवा ६८, आज ७१.
– धरमपेठवाली

बाई, काटा इथून काहून पाठवून राहिली? सीताबर्डीवर पाहिजे तसा भेटते. मागच्या खेपेला तुमचा मिक्सर नेला तर कस्टमवाल्यांनी पुरा खोलून पाहिला. आठवते ना?
– महालचा भाऊ

काटा बरोबर असेल. शहाबादी फरशीवर ठेवला की डुगडुगतो. सपाट जागा पाहा.
– लक्ष्मीनगर

आरोग्याचे प्रश्न आधी समितीकडे पाठवायचे असं ठरलं होतं. असो. दोन दिवसांत तीन किलो, हे फरशीवर ढकलू नका. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं. हृदय कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, आणि पाय सुजायच्या आधी ते काट्यावर दिसतं. रोज उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहा-पोह्यांच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचं. नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा राहतो का बघा.
– सिस्टरकाकू, आरोग्य समिती

सूज म्हणजे हार्टच असं नाही हं. माझ्या सासऱ्यांना बीपीच्या गोळीने, अ‍ॅम्लोडिपिनने यायची. गोळी बदलली, उतरली.
– लक्ष्मीनगर

ती डॉक्टरांनी बदलली ना? मग तसं लिहा. नाहीतर उद्या कोणीतरी आपल्या मनाने गोळी बंद करेल. आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक घेतात का तेही विचारा, त्यानेही पाणी साठतं.
– सिस्टरकाकू

आमच्या आईची खूण उशी होती. एकीच्या दोन झाल्या, मग तीन, मग दिवाणावर टेकून बसल्या-बसल्याच झोपायची. आडवी झाली की कोरडा खोकला. आम्ही तीन महिने हळद-दूध देत बसलो. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसायचा, पाय कधी दिसलेच नाहीत. भाचीने सांगितलं, जोडवी साबण लावूनही निघत नाहीत, तेव्हा कुठे एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली.
– सदरवाली

मग मिठाच्या जागी सैंधव चालते का?
– महालचा भाऊ

सैंधव म्हणजेही मीठच, भाऊ. आणि ते 'लो सोडियम' मीठ तर विचारल्याशिवाय नकोच, त्यात पोटॅशियम असतं. हृदयाच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढतं.
– सिस्टरकाकू

पाडव्याच्या जेवणाचे पैसे अजून सतरा जणांकडे बाकी आहेत. इथे लिहितो, कारण हा धागा सगळे वाचतायत.
– खजिनदार

आईने अंगठा दाबून पाहिला. खड्डा राहिला. बाबा म्हणतात मोज्यांचा वळ आहे. मोजे? नागपुरात, मे महिन्यात? रात्री दोनदा उठून खिडकीशी बसतात, तर म्हणे कूलर बंद पडला होता. शेजारचा दादा उद्या सकाळी डॉक्टरांकडे नेतोय.
– धरमपेठवाली

उद्या नको, आजच न्या. बसल्या जागी दम लागला, ओठ निळसर दिसले, तर दादाची गाडीही नको, १०८ लावा. वजनं लिहिलेला कागद आणि सगळ्या गोळ्या सोबत.
– सिस्टरकाकू

मी जाऊन राहिलो ना शनिवारी. काटा आणून ठेव. मिक्सर नाही नेणार.
– महालचा भाऊ