मदत हवी आहे: कांटची कर्तव्याची कसोटी म्हणजे परिणामवादच नाही का?

शंकासूर
एम.ए.च्या पेपरसाठी जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचतोय. दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

१) विश्लेषक/संश्लेषक आणि अनुभवपूर्व/अनुभवोत्तर या दोन जोड्या मला एकच वाटतात. विश्लेषक तेच अनुभवपूर्व ना? मग ७ + ५ = १२ हे संश्लेषक कसं?

२) खोट्या वचनाचं उदाहरण. फेडायची ऐपत नाही हे माहीत असताना 'परत करतो' म्हणून उसने पैसे घ्यायचे. कांट म्हणतो, सगळेच असं वागू लागले तर वचनावर कुणी विश्वास ठेवणार नाही. मग हा परिणामच मोजतोय की! परिणामांवरून कृती योग्य की अयोग्य ठरवणारा परिणामवादी मिल आणि हा वेगळे कुठे?

व्याख्या पाठ आहेत, त्या नकोत.

अवग्रह
पहिल्याचं उत्तर देतो. दोन जोड्या दोन वेगळे प्रश्न विचारतात. पहिली विचारते, विधेयातली कल्पना उद्देश्यात आधीच दडलेली आहे का? दुसरी विचारते, विधान खरं ठरवायला अनुभवाकडे जावं लागतं का? कांटचीच उदाहरणं घ्या. 'सर्व भौतिक वस्तू जागा व्यापतात' हे विश्लेषक, कारण जागा न व्यापणारी भौतिक वस्तू कल्पताच येत नाही. 'सर्व भौतिक वस्तूंना वजन असतं' हे संश्लेषक, त्यात नवी भर आहे.

आता चार खणांचा तक्ता काढा. 'विश्लेषक अनुभवोत्तर' हा खण रिकामा राहतो. तुम्ही 'संश्लेषक अनुभवपूर्व' हा खणही रिकामा धरलात, तिथे घोळ झाला. कांटच्या १७८१ च्या ग्रंथाचा ('क्रिटिक ऑफ प्युअर रीझन') मुख्य प्रश्नच हा आहे की या खणातली विधानं शक्य कशी होतात.

७ + ५ बद्दल: 'सात आणि पाच यांची बेरीज' या कल्पनेत फक्त दोन संख्या एकत्र करायच्या आहेत एवढंच येतं. ती एकच संख्या कोणती, हे बोटं किंवा ठिपके मांडत गेल्यावरच कळतं. मोठ्या संख्या घेतल्या की हे जास्त लख्ख दिसतं, असं कांट स्वतः म्हणतो. तरीही ते अनुभवोत्तर नाही, कारण उद्या ठिपके मोजताना तेरा आले तर आपण मोजणी चुकली म्हणू, गणित चुकलं म्हणणार नाही.

जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने १८८४ मध्ये अंकगणित विश्लेषकच आहे अशी बाजू मांडली. भूमितीबाबत मात्र तो कांटच्याच बाजूला राहिला. उत्तरात याबद्दल एक ओळ टाकलीत तर बरं.

मृद्गंध
दुसरा प्रश्न रास्त आहे. बऱ्याच गाइडांत 'समाज कोलमडेल' असं छापलेलं असतं, तेच मुळात चुकीचं. कसोटी अशी लावायची:

आधी कृतीमागचा नियम पूर्ण लिहा: परिस्थिती, कृती, हेतू. 'पैशांची नड असेल तेव्हा, ते मिळावेत म्हणून, मी फेडीचं खोटं वचन देईन.' मग कल्पना करा की तशा परिस्थितीत प्रत्येक जण असाच वागतो आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्याच जगात स्वतःचा बेत तडीस नेऊन पाहा. जमत नाही. समोरचा हसेल आणि पैसे देणार नाही, कारण तिथे वचन नावाची गोष्टच उरलेली नाही. माझा नियम सार्वत्रिक होताच स्वतःच्याच पायाखालची फळी काढतो. विसंगती ही आहे. ते जग वाईट आहे की चांगलं, हा प्रश्न इथे आलेलाच नाही.

पडताळा हवा असेल तर असं धरा की वचनं बंद पडून सगळा व्यवहार रोखीने होऊ लागला आणि लोक उलट जास्त सुखी झाले. मिलचा आक्षेप तिथे गळून पडतो, कांटचा तसाच राहतो.

दोन चुका टाळा. नियम फार बारीक कातरला ('मंगळवारी, निळा शर्ट घातलेल्या माणसाकडून...') तर काहीही पास होतं, ज्या तपशिलामुळे तुमचा निर्णय बदलला नसता, तो नियमात घालायचा नाही. दुसरी चूक म्हणजे कांटच्या १७८५ च्या नीतीवरच्या पुस्तकातली ('ग्राउंडवर्क') चारही उदाहरणं एकाच साच्यात बसवणं. आत्महत्या आणि खोटं वचन यांत तसा नियम सार्वत्रिक म्हणून कल्पताच येत नाही, असा कांटचा दावा आहे. ती पूर्ण कर्तव्यं, म्हणजे ज्यांत सवलत नाही अशी. अंगचे गुण वाया घालवणं आणि अडलेल्याला मदत न करणं यांचं जग कल्पता येतं, पण तसं जग असावं अशी इच्छा धरता येत नाही. ती अपूर्ण कर्तव्यं, म्हणजे केव्हा आणि किती हे आपल्यावर सोडलेली. (आत्महत्येवरचा युक्तिवाद लंगडा आहे. उदाहरण म्हणून वचनच घ्या.)

शंकासूर
दोघांचेही आभार. मग 'गर्दी टाळायला पहाटे पाचला दर्शनाला जाईन' हा नियम नापास? सगळेच पाचला आले तर माझा हेतू फसतो.

मृद्गंध
आक्षेप जुना आहे, पण चांगला. इथे 'पाच वाजता' हा तपशील आहे, खरा नियम 'गर्दी कमी असेल तेव्हा जाईन' एवढाच. तो सगळ्यांनी पाळला तर गर्दी दिवसभरात विभागली जाते, हेतू फसत नाही. शिवाय माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये या कांटच्या दुसऱ्या सूत्राने पाहा: पाचला जाऊन तुम्ही कुणाला फसवत नाही. खोटं वचन देणारा मात्र फसवतो, कारण खरा बेत कळला तर सावकार संमती देणारच नाही.

अवग्रह
एक जोड. दहा गुणांच्या प्रश्नात तुमचे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. 'साध्य हवं असेल तर साधन वापर' हा सोपाधिक (अट असलेला) आदेश कांटच्या मते विश्लेषक आहे, कारण साध्याच्या खऱ्या इच्छेतच साधनाची इच्छा आली. निरुपाधिक (विनाअट) आदेशात, म्हणजे वरच्या सार्वत्रिक नियमाच्या कसोटीत, अशी कुठलीही आधीची इच्छा गृहीत नाही, तरी तो बंधनकारक आहे आणि तो अनुभवातूनही मिळत नाही. म्हणून कांट त्याला संश्लेषक अनुभवपूर्व म्हणतो. म्हणजे तक्त्यातला तोच खण.

शंकासूर
असं लिहिलं तर चालेल का? 'खोटं वचन अनैतिक आहे, कारण तो नियम सार्वत्रिक केल्यास वचनाची प्रथाच अशक्य होते व नियमाचा हेतू साधत नाही. त्यामुळे समाजाचे नुकसान होते.'

मृद्गंध
दुसरं वाक्य खोडा. पहिल्याने कमावलेले गुण ते घालवतं.