विषय: दुसऱ्याच्या हातचे काम मंडळात दाखवताना

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या काही आठवड्यांपासून आपल्या मंडळाच्या ई-पत्रांच्या यादीवर हस्तकलेची छायाचित्रे येऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. परवा एका सभासदांनी जाळीच्या विणकामाची त्रिकोणी शाल पाठवली. तिच्याखाली ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ अशी उत्तरे आली आणि दुसऱ्या दिवशी आपण सारे पुढच्या विषयाकडे वळलो. ती शाल कोणी विणली, हे कोणी लिहिले नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. त्याची रुखरुख लागली म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी ते छायाचित्र मोठे करून बराच वेळ पाहिले. अशा शालीची सुरुवात बहुधा वरच्या काठाच्या मध्यावर अगदी थोड्या टाक्यांनी होते आणि दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढत जातात, म्हणजे शंभर ओळी झाल्या की एका ओळीत दोनशेहून अधिक टाके सुईवर असतात. जाळीतले प्रत्येक छिद्र सुईवर दोऱ्याचा एक जादा वेढा घेतल्याने पडते. त्याने वाढलेला टाका जवळच कुठेतरी दोन टाके एकत्र विणून कमी करावा लागतो, नाहीतर ओळीची मोजणी बिघडते. हे दोन टाके एकत्र विणताना ते उजवीकडे झुकवायचे की डावीकडे, हे विणणारीच्या हाती असते. या शालीतल्या पानांच्या उजव्या कडेचे टाके एका बाजूला आणि डाव्या कडेचे दुसऱ्या बाजूला झुकलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक पानाला रेखीव टोक आले आहे. कडेचे सगळे टाके एकाच बाजूला झुकवले असते तरी छिद्रे पडलीच असती, पण पान पान वाटले नसते.

शिवाय जाळीची शाल सुईवरून उतरते तेव्हा ती चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ती भिजवून, ताणून, कडेने टाचण्या लावून वाळवली की मगच नक्षी उघडते. इतके दिवस खपून विणायचे आणि आपले काम नेमके कसे झाले आहे, हे अगदी शेवटच्या दिवशी पाहायचे, याला किती धीर लागत असेल! जिने हे केले तिला आपण एका विशेषणात निरोप दिला, हे मला बरे वाटत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, यापुढे कोणाचेही काम येथे पाठवताना ते करणाऱ्याचे नाव शोधून सोबत लिहावे, आणि उत्तर देणाऱ्याने त्या कामातली आपल्याला दिसलेली एक तरी गोष्ट नेमकेपणाने सांगावी.

आपली,
विणकाम करणारी एक सभासद

*

आदरणीय ताई, नमस्कार.

ती शाल मीच पाठवली होती. मला ती एका ओळखीच्या गृहस्थांकडून आली आणि मी ती तशीच पुढे धाडली, नाव विचारण्याचे मला सुचलेच नाही. आपले म्हणणे मला पटते, आणि झाल्या गोष्टीचे वाईटही वाटते.

तरीही एक अडचण मोकळेपणाने मांडतो. मी आयुष्यभर गणित शिकवले, मला सुलट टाका कोणता आणि उलट कोणता हेही ओळखता येत नाही. नेमके काहीतरी लिहिलेच पाहिजे असा दंडक झाला, तर माझ्यासारखे अनेक जण संकोचाने गप्प बसतील आणि काम करणाऱ्यांना साधा ‘सुंदर’ हा शब्दही मिळणार नाही.

विणकामाशी माझा संबंध एकाच वाटेने आला. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ साली क्रोशाने अतिपरवलयी प्रतलाचे (hyperbolic plane), म्हणजे कडेकडे सतत पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाचे, नमुने विणले. प्रत्येक ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेले की विणलेला पृष्ठभाग सपाट राहू शकत नाही, त्याला आपोआप चुण्या पडत जातात. कागदाचे असे नमुने फार नाजूक होतात, पण क्रोशाचा नमुना विद्यार्थ्याच्या हातात देता येतो, दुमडता येतो आणि त्यावर रेषाही शिवून दाखवता येतात. तेव्हापासून एखाद्या झालरीकडे मी निराळ्या नजरेने पाहतो, इतकेच.

आणखी एक विचारायचे आहे. शालीची कर्ती सापडली, तर केवळ नाव लिहिणे पुरेसे आहे, की तिची परवानगीही घ्यावी?

आपला,
एक सभासद

*

सप्रेम नमस्कार.

आपण झालरीबद्दल जे लिहिले, तेच मला हवे होते. त्यासाठी टाक्यांची नावे यावी लागत नाहीत. ‘माझी नजर या कोपऱ्यात अडकली’ किंवा ‘हा कापडाचा तुकडा आधी कशाचा भाग होता?’ इतके लिहिले तरी करणाऱ्याला कळते की कोणीतरी थांबून पाहिले आहे. दंडक करावा असे माझ्याही मनात नाही. ‘सुंदर’ जरूर लिहावे, त्याच्यापुढे आणखी एक वाक्य यावे एवढीच आशा आहे.

टाइमिनाबाईंच्या त्या कल्पनेवरूनच मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी २००५ साली क्रोशाने समुद्रातले चुणीदार प्रवाळ विणायला घेतले. पुढे गावोगावच्या लोकांनी त्यात भर घातली, आणि प्रदर्शनांत विणणाऱ्यांची नावेही मांडण्यात आली. शेकडो हात एकाच कामात असताना नावे सांभाळली जातात, तर एका शालीचे एक नाव आपल्याला जड जाऊ नये.

परवानगीचे म्हणाल, तर ती घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्राचा हक्क सामान्यतः ते काढणाऱ्याचा असतो. नमुना रचणारी आणि तो विणणारी या पुष्कळदा दोन वेगळ्या व्यक्ती असतात, तेव्हा तिन्ही नावे वेगळी असू शकतात. २००७ पासून चालू असलेल्या रॅव्हलरी या संकेतस्थळावर विणणारे आपल्या कामाच्या पानावर नमुन्याचे नाव, रचनाकार, लोकर आणि सुईचे माप असे सगळे नोंदवतात. त्यामुळे शोध सोपा होतो.

आपली शाल मला तेथेच सापडली. विणणाऱ्या बाईंना मी काल पत्र पाठवले आणि पानांच्या टोकांविषयी विचारले. आज त्यांचे उत्तर आले. छायाचित्र आपल्या यादीवर ठेवण्यास त्यांची हरकत नाही, त्यांनी आपले नाव कसे लिहावे हेही कळवले आहे, ते मी मूळ पत्राखाली जोडत आहे. टोके कोणाच्या लक्षात आली, हे वाचून त्यांना फार बरे वाटले. कारण पहिल्या खेपेस ती मनासारखी न आल्याने त्यांनी वीस ओळी उसवल्या होत्या. पुढे त्यांनी लिहिले आहे की, डाव्या बाजूच्या एका पानात एक छिद्र पाडायचे राहून गेले आहे आणि ते अजून कोणी ओळखलेले नाही.

मी संध्याकाळी पुन्हा पाहिले. काठाकडून मोजल्यास ते तिसरे पान आहे.

आपली,
विणकाम करणारी सभासद