लोकसंख्या कमी म्हणून पाड्यांना निधीही कमी?

डोंगरपाडा: आमची ग्रामपंचायत नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्याही वर. चार पाडे, मधे दऱ्या. या टोकाहून त्या टोकाला पायी निम्मा दिवस. २०११ च्या जनगणनेत डोकी दीड हजाराच्या आत, म्हणून सदस्य सातच अन् पैसाही त्याच हिशोबाने. अंतर कोणी मोजत नाही का?

तापीकाठ: मोजतात, नावापुरतं. केंद्राचा निधी कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्रात लोकसंख्येला ९० टक्के वजन, क्षेत्रफळाला १०. काय भागणार त्यात!

शहाद्याचा मास्तर: भाऊ, खरी गोम वेगळीच. ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. तेव्हा निम्मं गाव गुजरातेत ऊसतोडीला, दाराला काटेरी फांदी लावलेली. पूर्ण मोजणीभर बाहेर असलेला माणूस गावात धरत नाहीत. पुढचीही फेब्रुवारी २०२७ लाच आहे, आत्ताच बोंब मारा.

सातपुडी: निधीचं राहू द्या. पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, २०१४ च्या नियमांत पाड्याला स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. पाड्यावर ठराव घ्या, प्रस्ताव प्रांताधिकाऱ्याकडे द्या. आमचा दिलाय, पोचपावती जपून ठेवलीय.

डोंगरपाडा: होळीला सगळे परततात, तेव्हाच बैठक लावतो. दादा, ठरावाचा नमुना टाका ना इथं.