बरोक काळातील गायनप्रकार कानाने कसे ओळखावेत?

सातरस्ता_श्रोता:
नमस्कार. सोलापुरात आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा एकत्र बसून ध्वनिमुद्रणे ऐकतो. बहुतेकांचे कान ख्याल आणि नाट्यसंगीतावर घडलेले आहेत. दोघेजण मात्र चर्चच्या गायकवृंदात गातात आणि त्यांच्याच आग्रहावरून पुढील बैठक युरोपातील बरोक काळाच्या, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळाच्या, कंठसंगीतासाठी ठेवली आहे. निवड माझ्याकडे आहे. ऑपेरा, ऑरेटोरिओ, कॅन्टाटा आणि पॅशन हे चारही प्रकार मी ऐकले, परंतु कोणता तुकडा कशातला हे केवळ ऐकून मला सांगता येत नाही. हा फरक नेमका कशात पाहावा? आणि दोन तासांत काय ऐकवावे?

खर्जसाधक:
आपल्याला फरक ऐकू येत नाही याचे कारण असे की, हे चारही प्रकार बव्हंशी एकाच सामग्रीतून उभे राहिले आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील काही विद्वान आणि संगीतकारांना वाटू लागले की, अनेक स्वरपंक्ती एकमेकींत गुंफल्या की शब्द बुडतात. म्हणून त्यांनी एकच गळा पुढे आणला आणि त्याच्या खाली खर्जाची एक ओळ ठेवली; त्या ओळीच्या आधाराने हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारे पट्ट्यांचे वाद्य), ऑर्गन किंवा थिऑर्बो (लांब मानेचे तंतुवाद्य) वाजवणारा आपल्या बुद्धीने स्वरसंगती भरत जातो. हाच बासो कंटिन्युओ. तो या संपूर्ण काळाचा पाया आहे.

या पायावर दोन गोष्टी उभ्या राहिल्या. रेसिटेटिव्हमध्ये गायक बोलण्याच्या लयीत कथा पुढे नेतो, तर आरियामध्ये कथा थांबते आणि एकच भाव विस्ताराने गायला जातो. कीर्तनकार आख्यान सांगता सांगता पदावर येतो, तो क्षण आठवला म्हणजे या जोडीचे काम लगेच ध्यानात येईल. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून दा कापो आरिया रूढ झाली: पहिला भाग, वेगळ्या रंगाचा दुसरा भाग, आणि मग पुन्हा पहिला. मात्र ही पुनरावृत्ती जशीच्या तशी गाणे अपेक्षित नसे. गायकाने तेथे स्वतःच्या हरकती आणि अलंकार घालायचे असत. ख्याल ऐकणाऱ्या मंडळींनी तिसऱ्या भागाकडे अवश्य कान द्यावा.

प्रकारांतला भेद मुख्यतः रचना कोठे आणि कशासाठी गायली जात होती यावरून ठरतो. ऑपेरा वेशभूषा, नेपथ्य आणि अभिनयासह रंगमंचावर होतो. इटालियन संगीतकार मॉन्टेव्हर्डीचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये इटलीतील मांतुआच्या दरबारी मंडळींसाठी झाला, तर १६३७ मध्ये व्हेनिसला तिकीट काढून कोणीही येऊ शकेल असे पहिले ऑपेरागृह उघडले आणि तेथून या प्रकाराचे स्वरूपच पालटले. ऑरेटोरिओमध्येही कथा असते, बहुधा बायबलमधील, परंतु अभिनय नसतो, आणि विशेषतः हँडलच्या हातात त्यातील समूहगायनाला फार मोठे स्थान मिळाले. त्याचा ‘मसाया’ १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम सादर झाला. त्यात तर पात्रेही नाहीत, केवळ शास्त्रवचने आहेत. पात्रांचा ऑरेटोरिओ हवा असेल तर १७३९ चा ‘सॉल’ घ्यावा.

कोराल_आणि_अभंग:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. पॅशनविषयी मात्र थोडे अधिक लिहिल्यावाचून राहवत नाही. पॅशन म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाची आणि मृत्यूची कथा, गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी रचलेली. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये (१७२७) मत्तयकृत शुभवर्तमानाचे २६ आणि २७ हे दोन्ही अध्याय शब्दशः आहेत. मराठी बायबल समोर उघडून बसल्यास जर्मन न येणाऱ्यालाही कथेचा धागा धरता येतो. निवेदन टेनर म्हणजे उंच पुरुषी आवाजातील सुवार्तिक, म्हणजे शुभवर्तमान सांगणारा, करतो. त्याच्या रेसिटेटिव्हला केवळ कंटिन्युओची साथ आहे. येशूच्या शब्दांभोवती मात्र तंतुवाद्यांचे सूर प्रभावळीसारखे पसरतात, आणि ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या अखेरच्या आर्त हाकेच्या वेळी ते सूर नाहीसे होतात. येशूचा शिष्य पेत्र याने आपण त्याला ओळखतच नाही असे म्हटल्यानंतर तो बाहेर जाऊन रडला, एवढे सुवार्तिक सांगतो आणि लगेच आल्टो म्हणजे खालच्या पट्टीच्या स्त्रीस्वरातील आरिया सुरू होते, तिच्यात एकल व्हायोलिन पुढे असते. रेसिटेटिव्ह आणि आरिया यांचे नाते समजावण्यासाठी याहून समर्पक जागा मला ठाऊक नाही. मधूनमधून येणारी कोराल ही ल्यूथरपंथी मंडळीच्या परिचयाची स्तोत्रे होती, म्हणून आपल्या गायकवृंदातील मित्रांना ती सर्वांत आधी जवळची वाटतील.

कॅन्टाटा याहून लहान. इटलीत ती बहुधा घरंदाज बैठकीत एक गळा आणि कंटिन्युओ यांच्यासाठी असे. आलेस्सांद्रो स्कार्लात्तीच्या नावावर अशा सहाशेहून अधिक आहेत, आणि बार्बरा स्ट्रोझीच्या तर मी कोणालाही आग्रहाने ऐकवते. जर्मनीत तीच रविवारच्या उपासनेत आली. बाखच्या अशा सुमारे दोनशे आज उपलब्ध आहेत. १७३१ ची ‘वाखेट आउफ’ अर्ध्या तासात आटोपते.

मंद्रसप्तक:
एक पुरवणी. कीर्तनाची तुलना उपयुक्त असली तरी रेसिटेटिव्हमधील प्रत्येक स्वर लिहिलेला असतो. मोकळीक असते ती लयीत. शिवाय इटालियन साचा सर्वत्र लागू करू नये. फ्रान्समध्ये लुलीने १६७३ पासून जो ऑपेरा घडवला, त्यात नृत्य आणि समूहगायन कथेत मिसळलेले आहे, आणि रेसिटेटिव्ह व आरिया यांची सीमा इतकी पुसट आहे की नवख्या श्रोत्याला आरिया केव्हा सुरू झाली हेच कळत नाही. मास (उपासनाविधीच्या ठरलेल्या शब्दांची रचना) आणि मोटेट (धार्मिक शब्दांची समूहरचना) हे जुने धार्मिक प्रकारही या काळात चालूच होते.

दोन तासांसाठी मी मॉन्टेव्हर्डीच्या ‘अप्सरेचा विलाप’ (१६३८) या मद्रिगलने, म्हणजे काही गळ्यांसाठी रचलेल्या लौकिक काव्यगीताने, आरंभ करीन. खर्जात उतरत जाणारे चार स्वर सतत फिरत राहतात आणि त्यांवर गायिका आपल्या मर्जीने मागेपुढे होते. त्यालगत पर्सेलच्या ‘डायडो अँड इनीयस’मधील शेवटचा विलाप लावावा, तेथेही उतरता खर्जच आहे, फक्त अर्ध्या स्वरांनी उतरणारा. नंतर ‘सॉल’मधील काही भाग, मग ‘वाखेट आउफ’ पूर्ण, आणि उरलेला वेळ पॅशनमधील पेत्राच्या प्रसंगाला द्यावा. आरियांचे मराठी भाषांतर छापून प्रत्येकाच्या हाती दिल्यास मध्येच थांबून अर्थ सांगावा लागणार नाही.