मार्चमधलं हिमवादळ: अनुभवाच्या आणि उपयोगाच्या गोष्टी इथे लिहा

गिरगाव_चाळ:
खिडकीत कडक ऊन आणि फोनवर लेकीचा बोस्टनहून व्हिडिओ, समोरचं घरही दिसेना. जुनं सगळं आठवलं म्हणून धागा काढला. न्यू यॉर्कचं १८८८ चं मोठं हिमवादळ ११ ते १४ मार्चचं, तेव्हा थंडी सरली म्हणून गाफील राहू नये. बर्फ किती पडणार यापेक्षा वारा किती ते बघा. ताशी ५६ किमीच्या वर वारा, ४०० मीटरपलीकडे दिसत नाही, हे सलग ३ तास टिकलं तर तिथे ब्लिझर्ड म्हणतात. वरून पडत नसलं तरी आधीचा भुसभुशीत बर्फ उडून तीच गत होते.

मुलुंड_पूर्व:
लेकीला सांगा, भिंतीबाहेरचे हीटरचा धूर सोडणारे पाइप आधी मोकळे कर. वाऱ्याने ढीग भिंतीलगतच साचतो. पाइप बुजला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात, त्याला वास नसतो.

वाटसरू:
बर्फात गाडीत अडकलात तरी तेच. उतरून चालत निघायचं नाही. तासाला १० मिनिटंच इंजिन, त्याआधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर खाली. पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये गाड्यांत अडकून २० हून जास्त माणसं गेली.

ठाण्याची_मावशी:
अरेरे, लहान मुलंही होती त्यात. नणंदेचं कुटुंब मनालीला निघालंय, कपड्यांचं कोणी लिहा ना. आता मुंबईत थर्मल मिळतील का?

सह्याद्रीवेडा:
मावशी, जाड जॅकेट नि गमबूट तिथे भाड्याने मिळतात, आतलं तेवढं इथून न्या. सुती बनियन नको, घाम धरतं. लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, मग फ्लीस (मऊ, लवदार उबदार कापड), वर वारा अडवणारं. उणे १० ला ताशी ५० किमी वारा म्हणजे उघड्या कातडीला उणे २२. तंग बुटात दोन-दोन मोजे घालू नका, रक्त पोचत नाही नि बोटं आधी गारठतात. बधिर बोटं चोळायची नाहीत, शेकोटीला धरायची नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवायची, तीही पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच.

वाटसरू:
मनालीच्या पुढचा अटल बोगदा ९.०२ किमी. अलीकडे ऊन दिसलं म्हणून पलीकडेही असेल असं धरू नका. बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायची चेन इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांनाच, चढ लागण्याआधी. थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणायची, नाहीतर सैल होऊन चाकावरचा आतला पत्रा फाडते. रात्री हँडब्रेक नको, गोठतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

मुलुंड_पूर्व:
रविवार २३ जानेवारी २०२२ ला मुंबईवर धुळीचं मळभ आलेलं आठवतंय? तेही पश्चिमी झंझावातामुळेच, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणाऱ्या वादळी हवेमुळे. वर उत्तरेत बर्फ, खाली आपल्याकडे धूळ.

ठाण्याची_मावशी:
हो तर! गॅलरीतले कपडे पुन्हा धुवावे लागले. थर्मलचं कळवते नणंदेला. मोबाइल बंद पडतो म्हणे तिकडे?

सह्याद्रीवेडा:
थंडीत बॅटरी लवकर उतरते. फोन नि पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाला लागून. शून्याखाली गारठलेला फोन चार्जिंगला लावू नका, बॅटरी कायमची बिघडते. आधी ऊब येऊ द्या.