बँकेच्या रिपोर्टात ‘उद्योगवाढीचा दर’ म्हणून कुठला आकडा घालायचा?

गाळेवाला साकीनाका :

मंडळी, काम अडलंय म्हणून विचारतो. साकीनाक्याला माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी, एक म्हातारा लेथ, एक मिलिंग, सात माणसं. पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज असली कामं. निम्मं जॉबवर्क, निम्म्याला माल आमचाच. सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) लिमिट रिन्यू करायची आहे आणि या खेपेला थोडी वाढवूनही हवी आहे. सीएने सीएमएचा तक्ता (बँकेला द्यायचा पुढच्या वर्षाच्या अंदाजांचा तक्ता) करून दिला, त्यात पुढच्या वर्षी विक्री १२ टक्क्यांनी वाढेल असं धरलंय. बँकेत नव्या मॅडम आल्यात, त्यांनी फाईल परत पाठवली. म्हणे, “देशाचा उद्योग ४ टक्क्यांनी वाढतोय, तुमचा १२ ने कसा वाढणार? आधार जोडा.”

आधार शोधायला बसलो आणि डोकं आउट झालं. २०२४-२५ मध्ये औद्योगिक उत्पादन निर्देशांक, म्हणजे आयआयपी, ४ टक्के वाढला. जीडीपीच्या तक्त्यात (२०११-१२ आधारवर्षाच्या जुन्या मालिकेत) त्याच वर्षी मॅन्युफॅक्चरिंग ४.५. ठीक आहे, शेजारी शेजारी आहेत म्हटलं. पण आदल्या वर्षी, २०२३-२४ ला, आयआयपी ५.९ आणि जीडीपीवाल्यांकडे मॅन्युफॅक्चरिंग १२.३! कारखान्यांची वार्षिक पाहणी असते, एएसआय, तिच्यात २०२३-२४ ला उत्पादन ५.८ ने वर आणि मूल्यवर्धन जवळपास १२ ने. सगळे आकडे एकाच सांख्यिकी मंत्रालयाचे. आता मॅडमपुढे यातला कुठला ठेवू?

आणि गाळ्यात उभं राहून बघितलं तर तिसरंच चित्र. गेल्या वर्षी पीस जास्त निघाले, चलनबुकं साक्षीला आहेत. दिवाळीआधी तर एक मशीन रात्रपाळीलाही चालवलं. पण उरलं काय? ईएन एट स्टीलचा बार, कार्बाइडचे इन्सर्ट, कूलंट, गाळ्याचं भाडं, सगळं वर. मोठ्या ग्राहकाने रेट कोविडनंतर एकदाच हलवला, तोही हातापाया पडल्यावर, आणि पेमेंट देतो तीन-तीन महिन्यांनी. मग मी वाढलो की नाही वाढलो? कोणीतरी सरळ भाषेत सांगा. सीएला विचारलं तर तो म्हणतो, “गूगलवर जो मोठा दिसेल तो टाका.”

जुना सांख्यिकीवाला :

गाळेवाले, शेवटचा प्रश्न आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच निघेल. पीस वाढले, गल्ला वाढला नाही. आयआयपी मुख्यतः पीस मोजतो. जीडीपीच्या तक्त्यातला जीव्हीए, म्हणजे सकल मूल्यवर्धन, गल्ल्याच्या जवळ जातो : विकलेल्या मालाच्या किमतीतून कच्चा माल, वीज, बाहेरून करून घेतलेली कामं वजा करून जे उरतं, ज्यातून पगार, व्याज आणि नफा निघतो, ते.

आता २०२२-२३ आठवा. युक्रेनचं युद्ध, स्टील आणि कोळसा पेटलेला, घाऊक महागाई वर्षभराच्या सरासरीने ९.४ टक्के. त्या वर्षी आयआयपीत मॅन्युफॅक्चरिंग ४.७ टक्के वर आणि जीव्हीएत चक्क उणे. माल निघत होता, कारखानदाराच्या हाताला लागत नव्हता. पुढच्या वर्षी उलटं झालं. घाऊक महागाई शून्याच्या खाली गेली, उणे ०.७. कच्चा माल उतरला, विक्रीचे दर तेवढे उतरले नाहीत, कंपन्यांचं मार्जिन सुटलं. म्हणून जीव्हीए १२.३, आणि प्रत्यक्ष माल ५.५ च टक्के जास्त. तुम्हाला दिसलेली तफावत ती हीच.

त्यात हिशोबाची एक जुनी खोडही आहे. महागाई वजा करताना विक्रीला एक किंमत निर्देशांक आणि कच्च्या मालाला वेगळा लावायला हवा. २०११-१२ च्या मालिकेत मॅन्युफॅक्चरिंगला दोन्हीकडे एकच लावत. कच्चा माल जास्त स्वस्त झाला की खरी वाढ फुगून दिसते, महागला की आकसते. यावर अर्थतज्ज्ञांनी पानंच्या पानं लिहून भांडणं केली आहेत. एएसआयचे आकडे तर चालू किमतींचे, त्यातून महागाई काढलेलीच नसते. ते आयआयपीशेजारी मांडून तुलना करूच नका.

आयआयपीची रचनाही बघून ठेवा. हे आकडे ज्या मालिकेचे, तिच्यात २०११-१२ ला १०० धरलेलं. खाणी १४.३७, मॅन्युफॅक्चरिंग ७७.६३, वीज ७.९९ असे भार. म्हणजे मॅडम ज्याला “उद्योग” म्हणतात त्यात कोळशाची खाण आणि वीजकेंद्रही बसलंय. मॅन्युफॅक्चरिंगच्या आत २३ गट. एकट्या मूळ धातूंचा भार १२.८०, रिफायनरी आणि कोकचा ११.७७. तुमचं काम ज्या गटात येतं, धातूच्या घडीव वस्तू, गट २५, त्याचा भार २.६५. तुमचा पंपवाला गट २८ मध्ये, यंत्रसामग्री, ४.७७. जामनगरच्या रिफायनरीने महिनाभर देखभालीला शटडाऊन घेतला तर “देशाचा उद्योग” खाली येईल, साकीनाक्यातला एक शाफ्टही कमी होणार नाही.

बरं, तुमच्याकडे कोणी मोजायला येत नाही, येणारही नाही. एएसआय नोंदलेल्या कारखान्यांची. २०२३-२४ च्या पाहणीत कारखाना कायद्याचा निकष होता : वीज वापरून १० किंवा जास्त माणसं, विजेशिवाय २० किंवा जास्त. तुम्ही सात. आयआयपीचे आकडेही मोठ्या युनिटांकडून येतात. तुमचा शाफ्ट मोजला जातो तो ग्राहकाचा पंप मोजला जातो तेव्हा, त्याच्या पोटात. लहान गाळ्यांसाठी असंघटित उद्योगांची वेगळी पाहणी असते, त्यात नमुन्यात तुमचा गाळा लागला तर लागला.

तळोजा रिटर्न :

सगळं खरं असेल, पण वाढ कुठे झालीये ती दाखवा की. आमच्या इस्टेटीत (अंधेरी पूर्व, नाव नको) निम्मे गाळे आता ऑनलाइन डिलिव्हरीचे गोदाम झालेत. टूलरूमवाला वसईला, प्लेटिंगवाला तळोज्याला, एक पालघरला. लिफ्टमध्ये पूर्वी ग्रीसचा वास असायचा, आता खोक्यांना लावायच्या टेपचा. ४ टक्के म्हणे!

जुना सांख्यिकीवाला :

तळोजाभाऊ, तुमचा टूलरूमवाला वसईला गेला म्हणजे देशातून गेला नाही. आयआयपीला मुंबई आणि वसई एकच. एएसआयच्या मूल्यवर्धनात महाराष्ट्र आजही पहिला आहे, फक्त ते मूल्य आता साकीनाका-कुर्ल्यापेक्षा चाकण, तळेगाव, वाळूजकडे जास्त तयार होतं. गिरण्या गेल्या तेव्हापासून मुंबईत हेच चाललंय. मात्र वाढ सगळीकडे सारखी नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. २०२४-२५ च्या त्याच ४ टक्क्यांत फ्रीज-एसी-दुचाकीसारख्या टिकाऊ वस्तू जवळपास ८ टक्के वाढल्या आणि साबण-तेलासारख्या रोजच्या वस्तू आदल्या वर्षापेक्षा घटल्या. कोणाचा गाळा कोणाला माल देतो त्यावर सगळं.

अजून एक. नुसत्या टक्क्यावर जाऊ नका, खालचा निर्देशांक बघा. एप्रिल २०२१ ला आयआयपी १३४ टक्के “वाढला” होता. कसला वाढला! एप्रिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो ५४ वर आला होता, तिथून १२६.६ ला परतला. आणि एप्रिल २०१९ मध्ये होता १२६.५. दोन वर्षांत एक दशांश. वर्षाच्या सरासरीवर धरलं तरी तेच : २०१८-१९ ला १३०.१, २०२१-२२ ला १३१.६. मधल्या वर्षांचे टक्के उणे ०.८, उणे ८.४, अधिक ११.४ असे झोके खातात. २०२४-२५ ला तो १५२.६ वर होता. १०० पासून तिथवर तेरा वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी सव्वातीन टक्के. हा आकडा पेपरात मथळ्याला कोणी लावत नाही.

गाळेवाला साकीनाका :

साहेब, सव्वातीन वाचून मॅडम माझी फाईल फाडूनच टाकतील. :) पण पीस आणि गल्ल्याचा हिशोब डोक्यात बसला. मग रिपोर्टात गट २५ आणि २८ चे आकडे टाकू का? आणि ते मिळतात कुठे?

जुना सांख्यिकीवाला :

दर महिन्याच्या प्रसिद्धीपत्रकात दोन अंकी गटांचा तक्ता असतो. पूर्वी पत्रक १२ तारखेला यायचं, एप्रिल २०२५ पासून २८ ला येतं. मार्चचं पत्रक घ्या, त्यात पूर्ण वर्षाची सरासरी असते. आणि पहिला अंदाज नंतर सुधारला जातो, तेव्हा जुन्या पत्रकातला आकडा नका उचलू.

अप्रेझल टेबल :

उशिरा आलो. बरीच वर्षं बँकेत लघुउद्योगांच्या फाईली बघितल्या, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

मॅडम १२ टक्क्यांना का अडल्या? लहान युनिटांना ५ कोटींपर्यंतच्या लिमिटला नायक समितीची पद्धत लागते : अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के खेळतं भांडवल धरायचं, त्यातलं २० टक्के बँकेने द्यायचं, ५ टक्के तुमचं. म्हणजे तुम्ही अडीच कोटींची उलाढाल लिहिली की लिमिट थेट ५० लाखांवर जाते. अंदाज फुगवला की लिमिट फुगते, म्हणून हा एकच रकाना आम्ही ताणून बघतो. त्यात वैयक्तिक काही नाही.

आता तुमचा मुद्दा. तुमची विक्री रुपयांत आहे, आयआयपीचे ४ टक्के नगांत-टनांत आहेत. १२ मध्ये रेटवाढही आहे ना? ती वेगळी काढा. ओळ अशी लिहा : नग इतके टक्के, ग्राहकाने मान्य केलेला नवा रेट इतका, मिळून इतके. असं फोडून लिहिलं की ४ आणि १२ चं भांडण तिथेच निम्मं मिटतं. गट २८ चा आकडा एका ओळीत संदर्भाला द्या, त्यावर निबंध नको. एएसआयचे १२ टक्के तर मुळीच टाकू नका, योगायोगाने तुमच्या आकड्याशी जुळतात म्हणून मोह होईल. चालू किमती आहेत हे कळणारा कोणी बसला असेल तर फाईलवरचा विश्वासच जातो.

खरा आधार देशाचा नसतो, गाळ्याचा असतो. ग्राहकाचं पुढच्या वर्षाचं शेड्यूल किंवा ओपन ऑर्डर, जीएसटीची बारा महिन्यांची ३बी विवरणपत्रं, मशीन किती पाळ्या चालतं, आणि वीजबिलावरची युनिटं. रुपये नाही, युनिटं. सीएनसी चालली तर मीटर पळतोच, त्याला कोणी सजवू शकत नाही. तुमची रात्रपाळी तिथे आपोआप दिसेल.

तीन महिन्यांच्या पेमेंटबद्दल : उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना, आणि ती ग्राहकाला पूर्वीच कळवली आहे ना? सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल कायद्याच्या मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिलं नाही तर प्राप्तिकराच्या नियमाने (१९६१ च्या जुन्या कायद्यात तो कलम ४३बी(एच) होता) ग्राहकाला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. मार्चच्या आधी त्याच्या अकाउंट्सवाल्याला उद्यमचा नंबर लिहिलेलं स्टेटमेंट पाठवा. मालकाशी बोलून होत नाही ते अकाउंट्सवाला करतो.

गाळेवाला साकीनाका :

युनिटांचं बेस्ट आहे, कोणी सुचवलंच नव्हतं. एकच अडचण, मीटर गाळामालकाच्या नावावर आहे आणि वरच्या पोटमाळ्यावरचा पॅकिंगवालाही त्याच मीटरवर आहे. चालेल का?

अप्रेझल टेबल :

मालकाच्या नावावर असलं तरी चालतं, भाडेकराराची प्रत सोबत लावा. पॅकिंगवाल्याचं मात्र सबमीटर करून घ्या, नाहीतर त्याचे पंखे आणि हीट-सीलिंग मशीन तुमच्या वाढीत धरलं जाईल, आणि पुढच्या वर्षी तो गाळा सोडून गेला की मॅडम विचारतील, “उत्पादन घटलं का?”